चिंधीला शेपूट हवं

बस डेपोच्या इंजिन विभागात एकेचाळीस वर्षं काढलेल्या त्या फिटरला सगळे क्लिककाका म्हणत. मला हे नाव आवडत नाही, असं ते स्वतः म्हणत. पण हाक आली की वळून मात्र लगेच बघत. टॉर्क पान्याला जेवढी ताकद ठरवून द्यावी तेवढी भरली की तो मुठीत 'क्लिक' असा आवाज करतो. तो आवाज कानावर पडल्याशिवाय काकांनी इंजिनातला एकही बोल्ट कधी सोडला नाही. कुणी म्हणालं, "काका, झालाय की घट्ट," तर काका विचारत, "हे तुला वाटलं की पान्याला?"

ही शिस्त त्यांना डेपोतल्या जुन्या फोरमनने लावली. काका सतराव्या वर्षी तिथे लागले आणि पहिली दोन वर्षं त्यांनी फक्त नटबोल्ट धुतले. फोरमन बोलायचा कमी, आणि बोलला की कानफटात मारल्यासारखं. त्याचा दुसरा नियम चिंधीचा होता. इंजिनाचं कुठलंही तोंड उघडलं की आत धूळ, वॉशर, काहीही पडू नये म्हणून तिथे चिंधी कोंबायची. पण कोंबताना वीतभर शेपूट बाहेर लोंबतं ठेवायचं. "चिंधी आत राहते ती माणूस वाईट असतो म्हणून नाही," फोरमन म्हणाला होता. "त्याला कुणीतरी हाक मारतं म्हणून. शेपूट दिसलं की आठवतं." काकांनी पुढे डेपोतल्या किमान चाळीस जणांना हेच शिकवलं, आणि फोरमनचं नाव घेऊन शिकवलं.

निवृत्तीनंतर वर्षभरातच काकांचा उजवा हात थरथरू लागला. गंमत अशी, की हातात पाना असला की थरथर थांबे आणि हात रिकामा झाला की सुरू होई. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, सध्या काम करत राहा, बघत राहू. पण गावातली जी दोन-तीन गॅरेजं अडल्या इंजिनाला काकांना बोलवत, त्यांना काकांचा पाना दिसला नाही, चहाचा कप बशीवर वाजताना दिसला. "काका, आता आराम करा," असं त्यांनी गोड बोलून सांगितलं. गोड बोलून हाकललेलं जास्त लागतं. काका घरी येऊन खिडकीचे स्क्रू काढून पुन्हा लावत बसले. खिडकीचं काहीही बिघडलेलं नव्हतं.

अशात घरात सून आली. मुलगा औषधांच्या दुकानात कामाला, स्वभावाने गरीब गाय, आणि गाडीत दुसऱ्या वळणाला त्याला मळमळायचं. सून ॲम्ब्युलन्स चालवायची. पहिल्या दिवशी जेवताना तिने सासऱ्यांना विचारलं, "बाबा, टर्बो बसवायचा तर आधी पिस्टन बदलावे लागतात की हेड गॅस्केटवर भागतं?"

काकांचा घास हातातच राहिला. काकू म्हणाल्या, "घ्या. आता तुम्हाला बोलायला माणूस मिळालं. माझे कान सुटले."

सुनेची स्वतःची एक गाडी होती. जपानहून बोटीने आलेली, दोन दरवाज्यांची, जवळजवळ तिच्याच वयाची. तिकडे कुणीतरी हौसेने वापरली, मग लिलावात निघाली, मग समुद्र ओलांडून इकडे. अंगाने सडपातळ, पुढून नाक बसकं, मागून नजर हटू नये अशी. पण इंजिन मेलेलं. ती ढकलतच काकांच्या अंगणात आली आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसली.

इंजिन आणायला दोघं बंदराजवळच्या यार्डात गेले. तिथे जपानी गाड्यांचे पुढचे अर्धे भाग रांगेने ठेवलेले असतात. पुढच्या सीटच्या मागून गाडी कलिंगडासारखी कापायची आणि इंजिन, गिअरबॉक्स, वायरी, सगळं जागच्या जागी ठेवून तो अर्धा भाग विकायचा. काका प्रत्येक इंजिनाची तेलाची टोपी उघडून आत बोट फिरवत होते. यार्डवाला वैतागला. "काका, लग्नाची मुलगी बघताय का?"

"त्यात मी एवढा वेळ नव्हता घातला," काका म्हणाले.

अकराव्या गाडीत काका थांबले. दोन लिटरचं, चार सिलिंडरचं टर्बो इंजिन. टोपीखाली मळ नव्हता. आणि जो जो बोल्ट दिसत होता, त्याच्या डोक्यावरून खालच्या धातूपर्यंत पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढलेली होती. घट्ट केल्यावर ही रेघ मारतात. बोल्ट जरा जरी फिरला तर रेघ तुटते. एकही रेघ तुटलेली नव्हती.

"हेच," काका म्हणाले. समुद्रापलीकडे कुणीतरी एक माणूस होता. त्याचं तोंड काका कधी बघणार नव्हते, पण तो क्लिक ऐकेपर्यंत थांबला होता. यार्डातून बाहेर पडताना काकांनी त्या अर्ध्या गाडीच्या बॉनेटवर एक थाप मारली. ती थाप त्याच्यासाठी होती.

पुढची दोन वर्षं शेडमध्ये गेली. इंजिन पूर्ण उघडलं, मोजलं, धुतलं. नवे पिस्टन, नव्या रिंगा, नव्या बेअरिंगा. प्रत्येक रिंगेच्या टोकांमधली फट काकांनी कानशीने घासून, पट्टी घालून तपासली. चार पिस्टनच्या रिंगांना तीन दिवस लागले. काकू चहा घेऊन आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. "मला कधी एवढं निरखून बघितलं नाहीत."

"तू कधी तेल खाल्लं नाहीस," काका म्हणाले.

सून ड्यूटी संपली की यायची, डांगरी चढवायची आणि सांगाल ते करायची. काका कामात कुणाचे लाड करत नसत. तिने एकदा पाइपाचा क्लॅम्प वाकडा बसवला तर त्यांनी तो तिच्याकडून नऊ वेळा काढून लावून घेतला. नवव्या वेळी ती म्हणाली, "बाबा, तुम्ही ॲम्ब्युलन्सवर असता तर पेशंट रस्त्यातच बरा होऊन उतरून गेला असता. कंटाळून."

हे हसणं-बोलणं वर चालू असताना काकांच्या पोटात एक गोष्ट होती आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. आपला हात अजून भरवशाचा आहे का, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. गॅरेजवाले चूक असतील तर इंजिन टिकेल. गॅरेजवाले बरोबर असतील, तर ज्या गाडीत घरची लेक दोनशेच्या वेगाने जाणार, तिला आपण हात लावणं हे पाप. मनाशी त्यांनी ठरवून टाकलं होतं, की शर्यतीच्या दिवशी आपल्या हातून एक जरी चूक निघाली तर हत्यारांची पेटी बंद. कायमची.

शर्यत गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर असे. विमानं केव्हाच बंद झाली होती. चारशे मीटर सरळ जायचं. दिवा हिरवा झाला की सुटायचं, पलीकडे यंत्र वेळ दाखवणार. प्रत्येकाला दिवसात तीन फेऱ्या. एकदा रांगेत पुढे येऊन मागे फिरलात तर ती फेरी गेली. बहुतेक गाड्या जपानीच, कुणाची रंगवलेली, कुणाची निम्मी रंगवायची राहिलेली. बारा सेकंदांच्या आत आलेल्यांची नावं तिथल्या एका फळ्यावर लिहिलेली होती. सुनेची नजर त्या फळ्यावर होती. काकांची तेलाच्या काट्यावर.

पहिली फेरी दहाच्या सुमाराला झाली. बारा पॉइंट दोन. इंजिन घड्याळासारखं चाललं. सून परत आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. "बाबा, तिसऱ्या गिअरला जी उचलते ना! पाठ सीटला चिकटते."

"तापमान किती होतं?"

"बघितलं नाही."

"मग काय मजा करायला गेली होतीस?"

"हो," ती म्हणाली आणि पाणी प्यायला गेली.

काकांनी बॉनेट उघडलं. इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटलच्या तोंडाला जो जाड रबरी पाइप येतो, त्याच्या जोडावर तेलाचा ओलावा दिसला. थोडाच होता, पण होता. त्यांनी क्लॅम्प सैल करून पाइप काढला आणि उघड्या तोंडात चिंधी घातली. धावपट्टीवर वारा सुटला होता आणि वाळू उडत होती. चिंधीचं शेपूट वाऱ्याने फडफडू लागलं, आणि त्याच्याबरोबर सगळी चिंधीच निघू बघत होती. काकांनी शेपूट बोटाने आत खोचलं. क्षणभरच ठेवायचं होतं.

तेवढ्यात शेजारून हाक आली. "क्लिक! अरे जरा ये रे, माझी सुरू होत नाहीये." हा पेंटर. गाड्यांची अंगं रंगवणारा, काकांच्याच वयाचा, तीस वर्षं एकमेकांची खोडी काढत आलेले. काका गेले. पेंटरच्या बॅटरीची एक तार सैल होती. "रंग लावलास तर जोडली जाईल असं वाटलं होतं का?" असं बोलून, तार घट्ट करून काका परत आले. तोवर कर्ण्यावरून दुसऱ्या फेरीची रांग पुकारली होती. काकांनी जोड पुसला, पाइप बसवला, सुनेला म्हणाले, "क्लॅम्प घे आवळून," आणि स्वतः टायरची हवा मोजायला खाली वाकले. तिने क्लॅम्प आवळला, बॉनेट पाडलं आणि गाडी रांगेला लावली.

पांढऱ्या रेघेवर दोन गाड्या आल्या. काका कठड्याला रेलून उभे होते. सुनेने पेडल दाबून इंजिन चढवलं, सोडलं. पुन्हा चढवलं, सोडलं. मग तिसऱ्यांदा. काकांना कळेना, ही एवढं का करतेय. वरचा पिवळा दिवा लागला. आणि सुनेने खिडकीतून हात बाहेर काढून आडवा हलवला, इंजिन बंद केलं आणि गाडी रेघेवरून मागे ढकलायला माणसं बोलावली.

फेरी गेली. शेजारची गाडी एकटीच सुटली. कठड्यावरून कुणीतरी ओरडलं, "काय झालं, सिग्नल लागला का?" हशा पिकला.

काका तरातरा गेले. "काय झालं?"

"बाबा, काहीतरी चुकतंय. पाय काढला तरी आरपीएमची सुई खाली यायला उशीर लावते. सकाळी नव्हतं हे. आणि वर जाताना श्वास लागल्यासारखी जाते."

"इंजिन गरम झालंय. काही होत नाही."

"नाही बाबा."

"दोन वर्षं मी बसवलंय हे. एकेक बोल्ट मी आवळलाय. मला सांगतेस?"

"तुम्हाला नाही सांगत. सुई काय म्हणते ते सांगतेय," ती म्हणाली. आवाज वर गेला नाही, खालीही आला नाही. "उघडू या."

काका रागाने फणफणत होते. बॉनेट त्यांनीच उघडलं, क्लॅम्प त्यांनीच काढला, मनात म्हणत की आता हिला दाखवतो, आत काही नाही म्हणून. पाइप निघाला. थ्रॉटलच्या तोंडात काकूंच्या जुन्या गाऊनची निळी चिंधी पिळवटून बसली होती. तिचं एक टोक आतल्या झडपेच्या कडेत अडकलं होतं. झडप मिटत नव्हती.

काका स्टुलावर बसले. पुढचं कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. हिरवा दिवा, पाय पूर्ण दाबलेला, चिंधी आत ओढली जाणार, झडप उघडी राहणार. चारशे मीटरनंतर ही पाय काढेल, आणि गाडी थांबणार नाही. पट्टीच्या टोकाला दगडी बांध होता.

लोक जमले. पेंटरही आला. "काय रे, काय निघालं?"

काकांच्या तोंडातून शब्द फुटायच्या आत सून पुढे झाली. चिंधी तिने कधीच डांगरीच्या खिशात कोंबली होती. "काही नाही काका. क्लच माझ्याच पायाने चुकला. घाबरले जरा."

"ॲम्ब्युलन्सवाली घाबरली?" कुणीतरी म्हणालं. पुन्हा हशा.

तो हशा काकांना सहन झाला नाही. चूक आपली आणि हसं पोरीचं, आणि तेही तिने आपण होऊन अंगावर घेतलेलं. ते स्टुलावरून उठले. "तिचं काही चुकलं नाही. चिंधी आत राहिली. माझ्या हातून. शेपूट आत खोचलं मी." आणि सुनेकडे हात पुढे केला. "काढ ती."

तिने खिशातून चिंधी काढून दिली. काकांनी ती सगळ्यांना दिसेल अशी धरली. थरथरत्या हातात ती निशाणासारखी हलत होती. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांना काकांनीच कधी ना कधी शेपटीवरून झापलेलं होतं.

पेंटर पुढे झाला. "मीच हाक मारली होती त्याला," तो म्हणाला. "आणि मी गेल्या वर्षी अख्खा पाना बॉनेटखाली ठेवून घरी गेलो होतो. वाटेत कुठे पडला देव जाणे. निदान तुझी चिंधी सापडली." मग कुणी म्हणालं, माझा टॉर्च. कुणी म्हणालं, माझा चष्मा. एकाने तर तेलाची टोपीच न लावता तीस किलोमीटर गाडी हाकली होती. काकांना वाटलं होतं, लोक तोंड फिरवतील. लोक उलट एकेक पाप घेऊन जवळ आले.

पण काकांनी पेटी आवरायला घेतली. पाने पुसून एकेक जागेवर ठेवले. टॉर्क पाना शून्यावर आणून त्याच्या डब्यात घातला. सून समोर येऊन उभी राहिली.

"तिसरी फेरी आहे अजून."

"दुसऱ्या कुणाकडून तपासून घे. पेंटरकडून घे. हा हात आता भरवशाचा नाही पोरी."

"हाताने काय केलं?" ती म्हणाली. "हात आवळताना एकदा तरी चुकला का? वाऱ्यामुळे शेपूट आत खोचलंत, आणि पेंटरकाकांनी हाक मारली. हे पंचविशीच्या माणसालाही झालं असतं."

"मला व्हायला नको होतं."

"बाबा, आमच्याकडे निघायच्या आधी एक जण वाचतो, दुसरा हात लावून उत्तर देतो. ऑक्सिजन? आहे, भरलेला. स्ट्रेचरचा पट्टा? आहे, लागलेला. वीस वर्षं नोकरी झालेल्यालाही वाचून दाखवतात. त्याच्यावर विश्वास नाही म्हणून नाही. तो एकटा पडू नये म्हणून."

काका पेटीची कडी धरून बसले. फोरमनच्या हाताखाली दोन वर्षं बोल्ट धुतले होते तेव्हा अपमान वाटला नव्हता. मग आत्ताच का वाटावा? त्यांनी कडी सोडली. "वाच," ते म्हणाले.

तिने वाचलं. थ्रॉटलचं तोंड? काकांनी बोट आत फिरवलं. मोकळं. झडप? तिने पेडल दाबून सोडलं, झडप टक्क करून मिटली. कडेला एक निळा धागा राहिला होता, तो काकांनी चिमट्याने काढला आणि टॉर्च मारून पुन्हा बघितलं. पाइप? बसलेला. तेल? आहे. पाणी? आहे. चाकांचे नट? क्लिक, क्लिक, क्लिक. वीसच्या वीस. टर्बोच्या तोंडाचा क्लॅम्प? काकांनी हात लावला आणि भुवया वर गेल्या. क्लॅम्प बोटाने फिरत होता.

"हा सकाळी कुणी आवळला?"

सून खाली बघू लागली. "मी."

"नऊ वेळा करून घेतला होता ना?"

"दहावी वेळ राहिली," ती म्हणाली, आणि दोघं एकदम हसले. काकांना तर हसता हसता ठसका लागला. त्यांनी क्लॅम्प आवळला. हात स्थिर होता.

तिसरी फेरी चारच्या सुमाराला. काका या वेळी कठड्याला रेलले नाहीत, ताठ उभे राहिले. दिवा हिरवा झाला आणि गाडी जी सुटली ती शेपटीवर पाय पडल्यासारखी. पहिला, दुसरा, तिसरा गिअर. काका आवाज ऐकत होते, वेळ बघत नव्हते. पट्टीच्या टोकाला आवाज उतरला, ताबडतोब, जसा उतरायला हवा तसा. तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

पाटीवर आकडे आले. बारा पॉइंट शून्य सहा. फळ्यावर नाव लागायला जरासं कमी पडलं. सून परत आली, हेल्मेट काढलं आणि पहिलं वाक्य बोलली, "तापमान ब्याण्णव होतं. बघितलं."

"आणि मजा?"

"तीही केली."

घरी निघताना तिने किल्ली काकांच्या हातात दिली. "सकाळी चारला उठून ड्यूटी करून आले होते," ती म्हणाली, "आता हातपाय गळालेत." काका चालवायला बसले. ॲम्ब्युलन्सवाल्यांना दुसऱ्याच्या गाडीत झोप येत नाही, हे ती नेहमी सांगायची. इतर कुणाच्याही गाडीत ती कायम रस्त्यावर नजर ठेवून, पाय न दिसणाऱ्या ब्रेकवर ठेवून बसे. त्या दिवशी पहिलं वळण झालं आणि तिचं डोकं खिडकीला टेकलं. दुसऱ्या वळणाला ती घोरत होती.

काकांनी वेग साठवर आणला. मग पन्नासवर. दोनशेने जाणारी गाडी, पण खड्डा चुकवून, गिअर आवाज न करता बदलत ते डाव्या कडेने चालले होते. मागून ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवले. एक जण शेजारी येऊन खिडकीतून ओरडला, "काका, असली गाडी घेऊन असं चालतात का? बिघडलीय का?"

काकांनी ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प राहायची खूण केली आणि मानेने शेजारची सीट दाखवली.